बर्किन घ्यायची, पण दुकानातून की रिसेलरकडून? घडणावळ आणि मोडीचा हिशेब

चोपड्याच्या एका जिनिंगवाल्यांचं ऑडिट मी बरीच वर्षं करतो. मार्चएंडच्या धांदलीत त्यांच्या घरून काकूंचा फोन आला. मुलीचं लग्न पुढच्या वैशाखात, आणि तिला एर्मेस या फ्रेंच कंपनीची बर्किन ही हँडबॅग द्यायची आहे. कंपनीच्या मुंबईच्या दुकानातून घ्यावी की रिसेलरकडून, म्हणजे लोकांकडून घेऊन पुन्हा विकणाऱ्याकडून, एवढंच सांगा, म्हणाल्या. रंग मुलीने आधीच ठरवलेला : गोल्ड. त्यावर काकूंचा पहिला प्रश्न, "कितलं सोनं शे त्यामा?"

सोनं नाही. 'गोल्ड' हे तिथल्या एका तपकिरी चामड्याच्या रंगाचं नाव, त्यावर पांढरी शिलाई. कडी-कुलपाला मुलामा असतो तेवढाच. तरी हिशेब मी त्यांना सराफ बाजाराच्याच भाषेत सांगितला. भाव, घडणावळ, मोड. जळगाव जिल्ह्यात याहून सोपी भाषा नाही.

दुकानाचा भाव दिसायला कमी. २०२४ मध्ये अमेरिकेत काळी, टोगो नावाच्या वासराच्या चामड्याची, २५ सेंटिमीटरची बर्किन दुकानात कर सोडून ११,४०० डॉलरच्या आसपास होती. तीच घेऊन बाहेर पडणाऱ्याला रिसेलर २३,००० देत आणि पुढे ३२,००० पर्यंत विकत. तेव्हाच्या दराने साडेनऊ लाखांची वस्तू सत्तावीस लाखांना. आपल्याकडचे आकडे वेगळे आहेत, पण अंतराची जात हीच. एवढं ऐकलं की कोणीही म्हणेल, दुकानातूनच घ्या.

अडचण अशी की दुकानात जाऊन पैसे टेकवले तरी बॅग मिळत नाही. जुन्या लोकांना स्कूटरचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्याचं आठवत असेल. तिथे निदान नंबर आपल्या नावावर असायचा. इथे तसा नंबरही नाही. सेल्सवाल्याशी ओळख वाढवायची, मधल्या काळात स्कार्फ, चपला, कपबशा घेत राहायचं आणि एक दिवस तो "तुमच्यासाठी काहीतरी आलंय" म्हणेल याची वाट बघायची. रंग आणि आकार आपल्या मनासारखा असेलच असं नाही. बर्किन आणि तिची बहीण शोभावी अशी एर्मेसचीच केली बॅग मिळून माणशी वर्षाला साधारण दोन, असा रिवाज. एक कारागीर एक बॅग हाताने शिवतो, म्हणून माल कमी हे खरंच. पण कमी ठेवण्यात धंदाही आहे. कॅलिफोर्नियात मार्च २०२४ मध्ये काही ग्राहकांनी याच सोबतच्या खरेदीवरून खटला भरला. विक्रेत्याला बाकी मालावर कमिशन मिळतं, बर्किनवर मिळत नाही, असा त्यांचा दावा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने खटला फेटाळला, म्हणजे पद्धत आहे तशीच राहिली.

ही सोबतची खरेदी म्हणजे दुकानाची घडणावळ. ती बॅगेच्या पावतीवर येत नाही, म्हणून माणूस ती मोजत नाही. मी काकूंना मोजायला लावली. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलच्या दुकानापर्यंत पायी. एका फेरीला काय? काही नाही. पण अशा फेऱ्या किती, याला उत्तर नाही. आणि घोड्याच्या चित्रांच्या कपबशा चोपड्यात कोणासाठी काढणार? तुम्ही महिन्याला मुंबईला जात असाल आणि तो माल एरवीही घेत असाल, तर दुकानासारखं स्वस्त काही नाही. तसं नसेल तर दुकानाचा भाव ही फक्त पाटी आहे.

पॅरिसचा एक मार्ग भाचा सुचवत होता. तिथे चामड्याच्या बॅगांसाठी आदल्या दिवशी ऑनलाइन नाव टाकायचं, सोडत निघते, नाव आलं तर भेटीची वेळ मिळते. भेट मिळाली म्हणजे बॅग मिळाली असं नाही. शिवाय परतताना विमानतळावर माल जाहीर करून कस्टम ड्युटी भरायची. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहणारेही जगात आहेत; कोरियात शनेल या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या दुकानांबाहेर पहाटेपासून असे लोक दिसायचे. आपल्याला ते उपयोगाचं नाही.

आता रिसेलर. घडणावळ भरमसाट, पण एका आकड्यात आणि समोर. हवा तो रंग, हवा तो आकार, हव्या त्या तारखेला. भीती एकच, नकली मालाची. आपल्याकडे दागिन्यावर हॉलमार्क पाहतो, तसा इथे वर्षाचं अक्षर आणि कारागिराची खूण असलेला ठसा असतो. पण ठसा नकलीवरही मारतात. कंपनीचं दुकान बाहेरून घेतलेल्या बॅगेला खरी असल्याचा दाखला देत नाही. म्हणून खरा आधार कागदाचा : तुमच्या नावाचं जीएसटी बिल, मूळ पावतीची प्रत आणि नकली निघाल्यास पूर्ण पैसे परत असं लेखी. यातलं एक जरी "नंतर पाठवतो" झालं, तर उठायचं. मगरीच्या चामड्याची असेल तर साइट्सचे, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागदही लागतात. त्या वाटेला जाऊच नका.

रोखीचं मात्र पहिल्याच दिवशी विसरा. दोन लाख किंवा त्यावरची रक्कम रोख घेणं कायद्याने बंद आहे, "बिल नको, थोडं कमी करतो" म्हणणाऱ्याकडे तर मोडीलाही कोणी विचारणार नाही. दहा लाखांवरच्या हँडबॅगेवर विक्रेता २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. तो बुडीत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. पण बिल ज्याच्या पॅनवर, त्यालाच.

मोडीत दोन्ही वाटा उलट्या पडतात. दुकानातली बॅग विकली तर वर पैसे सुटतात, पण कळलं की तुमचं तिथलं खातं संपलं. रिसेलरची बॅग परत त्यालाच द्यायला गेलात तर तो त्याच्या खरेदीच्या भावाने घेणार. वरच्या अमेरिकी आकड्यांत ३२,००० चे २३,०००. सोन्याच्या घटीपेक्षा ही घट फार मोठी.

तारीख पक्की, रंग पक्का, बॅग एकच, आणि विकायची नाही. काकूंना मी रिसेलर सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि बिल कोणाच्या नावाने करायचं ते विचारलं. मी म्हटलं, पैसे ज्याच्या खात्यातून जातील त्याच्या. "मंग मन्हाच नावनं करा," म्हणाल्या. शेठजींना अजून आकडा सांगितलेला नाही.