फिका कोरडा माल्ट अर्क: उत्तम, पण वाफेपासून जपा

घरच्या बिअरसाठी माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, पातळ अर्कापेक्षा ही पावडर उजवी. २० लिटरला २.५ किलो घातली की सुरुवातीची घनता (आंबवण्याआधीची, पाणी १ धरून) १.०४५च्या आसपास येते. पातळ अर्क त्यासाठी ३ किलो लागतो, कारण त्यात साधारण पाचवा हिस्सा पाणीच. शिवाय तो जुना झाला की काळवंडतो.

खोट एकच: वाफ लागली की पावडरचे गोळे होतात नि चमच्याला चिकटून बसतात. म्हणून आधी गार पाण्यात कालवा, आच बंद करून पातेल्यात ओता. पहिल्या उकळीला फेस भसकन वर येतो, तिथून हलू नका. रंग फिकाच हवा तर निम्मी पावडर उकळण्याच्या शेवटच्या १५ मिनिटांत घाला. उरलेली हवाबंद डब्यात, नाहीतर पुढच्या वेळी वीटच हाती लागेल.