गुलाब: उघड्या मुळांचा की पिशवीतला?

नवी मुंबईतल्या खारघरच्या वहिनींना गॅलरीत गुलाब लावायचाय. ऑनलाइन मिळणारं उघड्या मुळांचं रोप घ्यावं की नर्सरीतलं पिशवीतलं, इथे अडलंय.

उघड्या मुळांचं सहसा स्वस्त पडतं, कारण मातीचं ओझं वाहावं लागत नाही. पण त्याला वेळ सांभाळावी लागते. ही रोपं थंडीत, सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबलेली असताना उपटतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच घ्यायची. पार्सल आलं की मुळं काही तास पाण्यात भिजवायची, तुटकी छाटायची आणि लगेच लावायची. मुळं सुकली की रोप गेलंच. त्यात आपल्याकडची थंडी नावापुरती. ऊन तापायच्या आत मुळं धरली नाहीत, तर कोवळी फूट करपते.

पिशवीतलं रोप त्याचं फूल बघून घेता येतं. ऐन पावसाळा आणि एप्रिल-मे सोडून कधीही लावा. मात्र डोळा भरलेली जागा, म्हणजे रानटी गुलाबाच्या खोडावर हव्या जातीचा डोळा बसवलेला जोड, तपासा. तिच्याखालून आलेली फूट रानटी, ती काढायचीच.

एकदा रुजल्यावर फारसा फरक उरत नाही. पाच-सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा दोघांनाही हवा.

वहिनींना मी पिशवीतलंच सांगितलं. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरपायथ्याशी अंगण असेल, बरीच रोपं एकदम लावायची असतील आणि जानेवारीत रोज लक्ष देता येत असेल, तर उघड्या मुळांची घ्या.