प्रेपी कपडे: जुना कट घ्यावा की नवा?

येल, प्रिन्स्टन, हार्वर्डच्या आवारात गेल्या शतकाच्या मध्याला जे कपडे रोजचे होते, ते म्हणजे ऑक्सफर्ड (जाडसर विणीच्या सुती कापडाचा) शर्ट, चिनो (साधी सुती पँट), नेव्ही म्हणजे गडद निळा ब्लेझर आणि लोफर (बिनलेसचे बूट). आज हेच कपडे ‘प्रेपी’ म्हणून दोन रूपांत मिळतात. एक जुन्या मापाचं, ऐसपैस. दुसरं आखूड, अंगाला घट्ट, इलॅस्टेन (ताणणारा धागा) मिसळलेलं. दोन्हींतलं एक संपूर्ण उचलण्यात अर्थ नाही. आमचं मत असं: कापड आणि कॉलर जुनी ठेवावी, बटणं, अस्तर आणि सोल नवे घ्यावेत, आणि माप मधलं धरावं.

शर्ट

फरक सगळ्यात जास्त इथे जाणवतो. बटन-डाउन कॉलर, म्हणजे टोकं बटणांनी शर्टाला अडकवायची कॉलर, ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकी कपडे कंपनीने 1896 मध्ये आणली. तिची खरी मजा वळणात आहे. टोकं सव्वातीन ते साडेतीन इंच लांब आणि आत बकरम (ताठपणासाठी घालायचं अस्तर) नाही, त्यामुळे बटण लावल्यावर कॉलर पुढे जराशी फुगून वळते. नव्या स्लिम शर्टांत टोकं बहुतेक वेळा अडीच-पावणेतीन इंचांवर आलेली असतात आणि आत बकरम चिकटवलेलं असतं. अशी कॉलर सपाट, ताठ बसते. वर ब्लेझर घातला की टोकं लॅपलच्या (ब्लेझरच्या छातीवरच्या दुमडीच्या) आत पोचत नाहीत आणि मध्ये फट दिसते. शिवाय बकरम आणि वरचं कापड धुतल्यावर सारखं आटत नाही. गोंद जागोजागी सुटतो आणि कॉलरवर फोड येतात. मग कितीही इस्त्री करा, ते पुन्हा येतातच. दुकानातच तपासून घ्या: कॉलर दोन बोटांत धरून चोळायची. पदर एकमेकांवर सरकले तर ठीक, पुठ्ठ्यासारखं एकसंध लागलं तर बकरम चिकटवलेलं आहे.

घेर मात्र जुना नको. जुन्या मापात शर्ट छातीपेक्षा आठ-दहा इंच मोठा असायचा. खोचला की कंबरेभोवती कापड गोळा होतं. स्लिममध्ये हा सैलपणा तीन इंचांवर येतो आणि बसल्यावर दोन बटणांमधली पट्टी ताणून उघडते. पाच-सहा इंच पुरेत. उंचीसाठी आधी खोचणार की नाही ते ठरवा. मध्यम उंचीच्या माणसाला खोचायच्या शर्टाची मागची उंची 31-32 इंच लागते, बाहेर सोडायचा असेल तर 28-29. दोन्हींसाठी एकच शर्ट घेतला की तो कुठे तरी फसतोच. शुद्ध सुती ऑक्सफर्ड थोडा आटतो, म्हणून बाही अर्धा इंच लांब घ्या. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत जाड ऑक्सफर्ड घामाने जड होतो आणि लवकर वाळत नाही. तिथे बारीक सुताचा पिनपॉइंट ऑक्सफर्ड बरा.

चिनो

जुनी चिनो कंबरेवर, बेंबीच्या जरा खाली बसते. बैठकीच्या शिवणीपासून कंबरपट्ट्यापर्यंत पुढून अकरा-बारा इंच, आणि बॉटम (पायाची मोरी) सपाट ठेवून मोजला तर आठ-सव्वाआठ. नव्या स्लिममध्ये हेच आकडे साधारण नऊ आणि साडेसहा होतात. कंबर खाली गेली की खोचलेला शर्ट दर वेळी बसताना बाहेर येतो. दोष शर्टाला दिला जातो, असतो पँटचा. इलॅस्टेनमुळे सुरुवातीला आराम वाटतो, पण ड्रायर आणि कडक इस्त्रीच्या उष्णतेने त्याचा ताण जातो आणि गुडघ्याला पोंगे येतात. तेव्हा पूर्ण सुती, वर बसणारी घ्या आणि शिंप्याकडून गुडघ्याखाली निमुळती करून बॉटम साडेसात-पावणेआठवर आणा. हे सोपं काम आहे. उलट, खाली बसणारी पँट वर आणता येत नाही, कारण तेवढं कापडच नसतं. उंची कापण्याआधी एकदा धुवा, नाहीतर पहिल्याच धुलाईत घोटे उघडे पडतील.

ब्लेझर

जुना ‘सॅक’ कट म्हणजे कंबरेला आकार देणारे डार्ट पुढे नाहीत, खांद्यात पॅड जवळजवळ नाही, आणि तीन बटणांपैकी वरचं लॅपलच्या वळणात गेलेलं. पोट थोडं सुटलं असेल तर हाच कट जास्त शोभतो, कारण तो कंबरेला आवळत नाही. नव्या आखूड ब्लेझरचा लॅपल सव्वादोन इंच आणि उंची कमरेच्या जेमतेम खाली. असा ब्लेझर सगळ्यात लवकर जुना दिसतो. लॅपल तीन-सव्वातीन इंच, उंची नितंब झाकण्याइतकी हवी.

नवं इथे काय घ्यावं? अस्तर नसलेला किंवा अर्ध्या अस्तराचा, जाळीदार विणीच्या हॉपसॅक लोकरीचा. आपल्या हवेत तोच निभतो. सॅक फार पोत्यासारखा वाटला तर बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीतून मिळून एक-दीड इंच आत घ्या. खांदा मात्र दुकानातच बरोबर बसला पाहिजे. तो नंतर बदलणं म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवणं.

पितळी बटणांबद्दल आमचं मत पक्कं आहे: बदला. अमेरिकेत ती कॉलेज आणि यॉट क्लबची खूण. आपल्याकडे नेव्ही ब्लेझरवर ती शाळेचा मॉनिटर किंवा हॉटेलचा स्वागतकक्ष आठवून देतात. पुढची तीन आणि प्रत्येक बाहीवर दोन धरून सात गडद शिंगाची बटणं लागतात. एक खबरदारी घ्या. पितळी बटणाला मागे कडी असते, शिंगाचं सपाट असतं. शिवताना मध्ये काडेपेटीची काडी ठेवून दोऱ्याला तीन-चार मिलिमीटरची मान द्यायची, नाहीतर बटण लावल्यावर कापड ओढलं जाऊन चुण्या पडतात.

मद्रास

या साऱ्यातला हा आपल्याकडचा वाटा. चेन्नईकडचं हातमागाचं हे चौकडीचं सुती कापड अमेरिकेत गेलं तेव्हा त्याचे रंग धुतल्यावर पसरायचे, आणि पुढे तेच गुण म्हणून विकलं गेलं. आजचा बहुतेक मद्रास पक्क्या रंगाचा असतो. अस्सल जुन्या पद्धतीचा मिळाला तर पहिल्या काही धुलाया वेगळ्या, गार पाण्यात करा. मोठ्या चौकडीचा आपल्या डोळ्यांना लुंगीच वाटतो. शर्टाला लहान चौकडी आणि दोन-तीनच रंग पाहा.

लोफर आणि टाय

बास या अमेरिकी कंपनीचे ‘वीजन्स’ लोफर 1936 चे, तो साचा बदलण्याचं काही कारण नाही. चामड्याचा सोल मात्र पावसाळ्यात पाणी पितो आणि ओल्या फरशीवर घसरतो. रबरी सोल घ्या, किंवा चामड्यावर पातळ रबर चढवून घ्या. नवा जोड जरा घट्टच असावा. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही, त्यामुळे अंगठा टेकत असेल तर मोठा नंबर घ्या. टायची रुंदी लॅपलएवढी: तीन इंचांचा लॅपल तर तीन इंचांची तिरप्या पट्ट्यांची टाय.