कर निर्धारण सेवेसाठी लावलेला क्लास, माझा अनुभव

नगरपरिषद राज्यसेवेतल्या कर निर्धारण व प्रशासकीय सेवेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत एक छोटा क्लास लावलेला, नाव देत नाही. शिकवणं खरंच मस्त. 1965 चा नगरपरिषद अधिनियम मी तीनदा वाचून सोडलेला पण सरांनी फळ्यावर एक घर काढलं, महिना भाडं 5000 धरलं, वर्षाचे झाले 60000, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा म्हणजे करयोग्य मूल्य 54000, आणि घरपट्टी लागते ती यावर, बस्स तिथेच सगळं डोक्यात बसलं! भांडवली मूल्याची पद्धत (भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवरून घरपट्टी काढायची) मात्र एका तासात गुंडाळली, रेडी रेकनरचा, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरतक्त्यातला, दर कुठे नि कसा लागतो हे मला एका सिनियरकडून समजून घ्यावं लागलं. नोट्स ठीकठाक.

टेस्ट सिरीजवर मात्र मी नाराज आहे. परीक्षा कम्प्युटरवर होते आणि हे पेपर कागदावर घेतात, वर उत्तरतालिकेत चुका, सांगितल्या तरी दुरुस्त करत नाहीत, गावाकडून पैसे मागवून फी भरलेल्या पोरांचं नुकसान होतं ना यात. कायदा कच्चा असेल तर शिकवणीपुरता जरूर लावा, टेस्ट दुसरीकडे द्या. माझ्याकडून 5 पैकी 3 स्टार.