पितळी फ्रेमची ‘कॉन्फेडरेट’ रिव्हॉल्व्हर : माझे 3,318 डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडे सांगतो. रिव्हॉल्व्हरचे 2,850 डॉलर, ती अस्सल असल्याच्या पत्राचे 150 आणि ‘मूळ’ सुट्या भागांचे 318. एकूण 3,318 डॉलर. हातात पडली ती इटलीत बनलेली, शिक्के घासून काढलेली नक्कल. असलाच नवा माल तीनशे डॉलरच्या आसपास मिळतो. अमेरिकेत जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनांना जाणारी आपली मंडळी आता कमी नाहीत, म्हणून हे मराठीत लिहितोय. ज्याने ती विकली आणि ज्याने तिचे भाग पुरवले, ते दोघेही अजून टेबल मांडून बसतात.

सांगितलं काय गेलं? तर ही ग्रिसवोल्ड. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्यांना (म्हणजेच कॉन्फेडरेट बाजूला) लोखंड-पोलाद पुरत नव्हतं, म्हणून जॉर्जियात मेकनजवळच्या ग्रिसवोल्डव्हिलच्या कारखान्यात कोल्ट कंपनीच्या 1851 नेव्ही मॉडेलवरून पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हर काढली गेली. 1862 ते 1864, जेमतेम 3,700 नग. नोव्हेंबर 1864 मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मनच्या घोडदळाने कारखाना जाळला. हे सगळं खरं आहे, आणि या लोकांचं भांडवलही हेच आहे. इतिहास खरा सांगायचा, वस्तू खोटी द्यायची. कोल्टने नेव्ही पितळी फ्रेमची कधी बनवलीच नाही, त्यामुळे पितळ दिसलं की माणूस एकदम दक्षिणेच्या बाजूने विचार करायला लागतो. माझ्यासमोरच्या नगाची फ्रेम पितळी, बॅरल गोल, सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) कोरं, म्हणजे नक्षी नसलेलं, बॅरलचा आतला व्यास .36 इंचाचा. ग्रिसवोल्डला जे हवं ते सगळं जागेवर होतं. नुसता भोळेपणा होता असं कुणी म्हणू नये.

पण तीन गोष्टी नव्हत्या. खऱ्या ग्रिसवोल्डचं सिलिंडर पीळ दिलेल्या लोखंडाचं असतं. नीट उजेडात धरलं तर पृष्ठभागावर तिरप्या रेघा दिसतात. इथे गुळगुळीत पोलाद. खऱ्या नगावर फ्रेम, बॅरल आणि सिलिंडर तिन्हींवर क्रमांक ठोकलेला असतो. इथे कुठेच नाही, आणि कारण काय दिलं, तर “वापरून झिजला”. तीन वेगवेगळ्या जागी, त्यातली एक तर हाताला घासली जाणारीही नाही, तिथे एकसारखी झीज? तिसरी गोष्ट गंजाची. म्यानात राहिलेल्या हत्याराची झीज बॅरलच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांना जास्त असते, आतल्या खाचांत मूळ रंग तगून राहतो. आम्लाने जुनं केलेलं हत्यार सगळीकडून एकाच छटेचं करडं दिसतं. पितळही तसंच. अमोनियाची वाफ दिली की काळपट होतं, पण स्क्रूच्या डोक्याखालचं पितळ पिवळंधमक राहतं.

आता ज्या जागेचा मला अजून संताप येतो ती जागा. लोडिंग लिव्हर (गोळी सिलिंडरमध्ये दाबून बसवायचा बॅरलखालचा दांडा) खाली ओढली की बॅरलच्या पोटाचा भाग उघडा पडतो. इटालियन नकलांवर शिक्के बहुधा तिथे किंवा फ्रेमवर असतात : बनवणाऱ्याची खूण, तारा, बंदुकीच्या काळ्या दारूच्या (ब्लॅक पावडरच्या) चाचणीची ‘पीएन’ ही अक्षरं आणि एका चौकटीत सालाचा संकेत. 1974 पर्यंत रोमन आकडे, 1975 ला ‘एए’, 1976 ला ‘एबी’, असं पुढे. मी लिव्हर ओढायला गेलो तर विकणाऱ्याने हात धरला. “दीडशे वर्षांचा स्क्रू आहे, तुटला तर तुमच्यावर.” वेज (बॅरल जागेवर धरून ठेवणारी पाचर) ठोकून बॅरल उतरवू का विचारलं, त्यालाही तेच उत्तर. खरी वस्तू विकणारा माणूस स्वतः ती उघडून दाखवतो, कारण आतल्या जुळणाऱ्या क्रमांकांवरच तिची किंमत ठरते. घरी आल्यावर तिरप्या टॉर्चमध्ये पाहिलं तर नखाएवढी जागा खोलगट, भोवतीच्या धातूपेक्षा बारीक रेघांची. शिक्का खोल ठोकलेला असतो, तो काढायचा तर आजूबाजूचा धातूही उतरवावा लागतो. पोलादी पट्टी तिथे उभी धरून मागून उजेड टाका, फट दिसते. ही चाचणी दोन मिनिटांची. ती मला करू दिली नाही, हीच फसवणूक.

वेज काढू देत नसेल तर टेबल सोडा. तिथेच.

यापुढे तर फसवणुकीचा दुसरा फेरा. हॅमर मागे ओढून रिव्हॉल्व्हर पूर्ण कॉक केली तरी सिलिंडर अडकत नव्हतं. चाप आणि बोल्ट (सिलिंडरला खाचेत अडवणारी खुंटी) या दोघांना दाबून धरणाऱ्या दोन पायांच्या पट्टी-स्प्रिंगचा बोल्टकडचा पाय तुटलेला, हँडचं (सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीचं) टोक झिजलेलं, निपल (जिच्यावर ठिणगीची टोपी बसते ती नळी) चेपलेली. विकणाऱ्यानेच एका ‘भागवाल्याचं’ नाव दिलं. हिशेब असा : सहा निपल 96 डॉलर, हँड 84, बोल्ट 78, स्प्रिंग 60. सगळं ‘त्या काळातलं’ म्हणून. पुड्यातून काढलेली निपल सिलिंडरमध्ये बोटानेच फिरत गेली आणि तळाला टेकली. हँडला कानस लावावी लागली नाही.

इथे थांबून नीट वाचा, कारण दोन्ही खोटी एकदम पकडायची जागा ही आहे. 1862 चे भाग प्रत्येक हत्याराला हाताने कानसून बसवलेले असत. एका नगाचा हँड दुसऱ्यात सहज बसत नाही. लांब पडला तर सिलिंडर वेळेआधी घट्ट होतं, आखूड पडला तर कॉक होऊनही खाचेपर्यंत पोचत नाही. आणि निपलचे आटे! इटालियन नकलांत 6 मिलिमीटर जाडी आणि 0.75 मिलिमीटरचा पीच (दोन आट्यांमधलं अंतर). त्या काळच्या अमेरिकी हत्यारात मेट्रिक आटे येणार कुठून? म्हणजे निपल बसली याचा अर्थ सरळ आहे : निपल नवी आणि सिलिंडरही नवं. भाग जितका बिनतक्रार बसेल तितकी शंका घ्या. आटे मोजायचा थ्रेड गेज दहा-पंधरा डॉलरला मिळतो, तो खिशात ठेवूनच प्रदर्शनाला जा.

शिक्के नसलेली नक्कल कुठल्या कारखान्याची हे शोधून तिचे भाग मागवायचे असतील तर फोटो पाठवू नका, मापं पाठवा. वेज उजवीकडून डावीकडे ठोकून काढायची, लाकडी किंवा पितळी हातोडीनेच. बॅरल उतरवून पुन्हा खांबावर (सिलिंडर ज्यावर फिरतं त्या दांड्यावर) आडवी फिरवून मागे सरकवा. बॅरलचा खालचा भाग फ्रेमच्या कडेवरून पुढे गेला तर खांब आखूड आहे, म्हणजे संशय आधी उबर्टी या इटालियन कारखान्यावर घ्यायचा. तो बरोबर कडेला टेकला तर पिएट्टा या दुसऱ्या इटालियन कारखान्याची शक्यता वाढते. मग मुठीमागच्या पट्टीचे तीन स्क्रू काढा, दोन हॅमरजवळ, एक मुठीच्या तळाशी. लाकडाखाली, पट्टीच्या आतल्या बाजूला जुळणीचे आकडे किंवा अक्षरं पुष्कळदा राहून जातात, कारण घासणारा तिथवर जात नाही. कारखाना कळला तरी जुन्या आणि नव्या उत्पादनाचे भाग तंतोतंत जुळत नाहीत. बोल्ट जाड मागवा आणि बोल्टचं डोकंच कानसा, सिलिंडरच्या खाचेला हात लावू नका. हे सगळे नवे भाग घेतले तर मी मोजलेल्या 318 च्या एक तृतीयांशही लागत नाहीत.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. पोलिसांनी सांगितलं, हा दिवाणी मामला. बंदुकीचा विषय आहे म्हटल्यावर दुसऱ्या खात्याकडे बोट. त्या खात्याने 1968 चा केंद्रीय कायदा दाखवला : 1898 किंवा त्याआधी बनलेलं हत्यार आणि काळ्या दारूची अशी नक्कल, दोन्ही ‘अँटिक’, कायद्याच्या अर्थाने ‘फायरआर्म’ नाहीतच, तेव्हा आमचा संबंध नाही. म्हणजे खरी असती तरी संबंध नाही आणि खोटी ठरली तरी नाही! ग्राहक खात्याने अर्ज भरून घेतला, पोच दिली आणि वर्णनाबद्दल लेखी काय आहे ते विचारलं. पावतीवर त्या माणसाने लिहिलं होतं ‘जुनी रिव्हॉल्व्हर, पितळी’. प्रदर्शनाच्या आयोजकांनी टेबलवाल्यांची जबाबदारी आमची नाही असा छापील कागद पुढे केला. पैसे ज्या ॲपवरून दिले त्यांनी कळवलं की ओळखीच्या व्यक्तीला पाठवलेल्या रकमेवर संरक्षण नाही. तो पर्याय विकणाऱ्यानेच “फी वाचेल” म्हणून निवडायला लावला होता. नकली नाण्यावर ‘कॉपी’ असं ठोकायला लावणारा कायदा या देशात 1973 पासून आहे. हत्यारांच्या नकलांना तो लागू नाही. 25 डॉलरच्या नाण्याला कायद्याचं संरक्षण आणि 2,850 डॉलरच्या वस्तूला काहीच नाही, याचं उत्तर एकाही टेबलावर मिळालं नाही. प्रत्येकाने फक्त पुढच्या खिडकीचा नंबर दिला.

पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. 150 डॉलरचं पत्र देणारा विकणाऱ्याच्या ओळखीचा निघाला तर ते पत्र रद्दी समजा. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तिथे काळ्या दारूच्या हँडगनलाही परवाना लागतो, केंद्रीय कायद्याचा आधार तिथे चालत नाही. आणि असली वस्तू शोभेसाठी म्हणून भारतात सामानात घालून नेण्याचा विचारही करू नका, शस्त्र कायदा 1959 आणि कस्टम्स तुमचं स्पष्टीकरण ऐकत बसणार नाहीत.

पावतीवर कारखान्याचं नाव, अंदाजे साल, ‘सर्व भाग मूळ’ आणि ‘नक्कल निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढं विकणाऱ्याच्या हाताने लिहून सहीसकट घ्या. लिहायला तयार नसेल तर पाकीट उघडू नका.