सायबर-प्रायव्हसी वकिलाचं वार्षिक रिटेनर: पैसे नेमके कशाचे?

पुण्या-मुंबईतल्या अनेक लॉ फर्म मध्यम कंपन्या, रुग्णालयं, पतसंस्था यांना आता वार्षिक रिटेनरवर, म्हणजे वर्षभराच्या ठरलेल्या फीवर, तीन कामं एकत्र विकतात: डीपीडीपी म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची पूर्तता, सायबर हल्ल्यावेळी सल्ला आणि एआय पॉलिसी. तिन्हींचा दर्जा सारखा नसतो.

खरे पैसे वसूल होतात ते हल्ल्याच्या वेळी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावं लागतं. जाणता वकील पूर्ण माहितीसाठी थांबत नाही. हाताशी आहे तेवढं कळवतो, उरलेलं मागाहून पाठवतो. फोनवर आधी बजावतो, सर्व्हर फॉरमॅट करू नका! काम लवकर सुरू व्हावं म्हणून आयटीवाले नेमकं तेच करतात आणि पुरावा जातो. आधी डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत), तिची हॅश व्हॅल्यू (प्रत बदललेली नाही हे दाखवणारा कोड), मगच रिस्टोअर. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ती हॅश भरावी लागते. लॉगची, म्हणजे सिस्टीममधल्या हालचालींच्या नोंदींची, चौकशी मात्र रिटेनर सुरू होतानाच व्हायला हवी: सर्ट-इनला 180 दिवसांचे लागतात, डीपीडीपी नियमांना वर्षभराचे. आणि रिटेनरच्या पत्रात ‘कामकाजाच्या वेळेत’ असं असेल तर सही करू नका. शनिवारी रात्रीच्या हल्ल्यावर सोमवारी मिळालेला सल्ला काय कामाचा?

व्हेंडर करारांत बऱ्याच फर्म कमी पडतात. डेटाची गळती कळवायला युरोपच्या नमुन्यातले 72 तास तसेच राहतात. पगारपत्रकं करणाऱ्या व्हेंडरने गळती तीन दिवसांनी सांगितली, तर तोवर कर्मचाऱ्यांना काहीच कळत नाही. शिवाय करारात काहीही लिहा, डीपीडीपीखाली जबाबदारी तुमचीच. अपुऱ्या सुरक्षेसाठी दंड 250 कोटींपर्यंत आणि व्हेंडरची भरपाई फार तर वर्षभराच्या फीइतकी. ही तफावत स्वतःहून दाखवणारा वकील धरून ठेवा. पण हाच 250 कोटींचा आकडा दाखवून घाई करणाऱ्यापासून सावध राहा. डीपीडीपीचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य कर्तव्यं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात.

डेटा घेताना लोकांना द्यायच्या नोटिशीचा मसुदा बहुतेकांना जमतो, तरी मराठी प्रत मागून वाचाच. ‘सेवा सुधारण्यासाठी’ एवढाच हेतू लिहिलेला असेल तर परत पाठवा. कोणता डेटा कशासाठी घेता, हे एकेक करून सांगावं लागतं.

एआय पॉलिसी हा सर्वांत पोकळ भाग. सरकारच्या नोव्हेंबर 2025 च्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक कायदा नाहीत, त्यांचा गोषवारा विकत घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एक नोंदवही करून मागा: कोणतं टूल, कोण वापरतं, ग्राहकाचा डेटा त्यात जातो का, पुरवठादार त्यावर मॉडेल शिकवतो का. तुमचं एआय टूल किंवा त्यातून निघालेलं काम युरोपात वापरलं जात नसेल तर तिथल्या एआय कायद्याचं प्रकरण बिलातून वगळायला सांगा.

घटनेबद्दलचं कायदेशीर मत बाहेरच्या वकिलाकडूनच घ्या. कंपनीच्या पगारी वकिलाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 खालचं गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिला आहे.