डासांचं लिक्विड मशीन : पाचपैकी अडीच

किराणा दुकानात मिळणारं ४५ मिलीचं रिफिल आणि प्लगमध्ये खोचायचं मशीन. मराठवाड्यातल्या घरात याला पाचपैकी अडीच गुण. कापलेले सगळेच गुण कंपनीच्या खात्यावर जात नाहीत.

'लिक्विडमध्ये आता पहिल्यासारखा दम नाही, भेसळ असते', अशी तक्रार नेहमीची. भेसळीचा माल असतोच. पण मशीन नीट चालू आहे, खोली बंद आहे, बाटली सीलबंद घेतलेली आहे आणि तरी डास भिरभिरून पुन्हा अंगावर बसतोय, तर संशय डासावर घ्यावा : तो औषधाला रोधी झाला असेल, म्हणजे औषध त्याला मारत नसेल. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा : ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन. कॉइल, मॅट, स्प्रे यांतही बहुतेक कीटकनाशकांच्या याच पायरेथ्रॉइड घराण्यातलं काहीतरी असतं. त्यामुळे ब्रँड बदलून फारसं काही हाती लागत नाही.

हे औषध डासाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या दारात अडकून बसतं. दार उघडंच राहतं, तंतू थांबत नाही, डास लुळा होऊन पडतो. दाराच्या प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल बदललं की औषधाची पकड सुटते. गटारातल्या क्युलेक्समध्ये १०१४ व्या जागी ल्युसीनऐवजी फिनाइलअॅलनीन येतं. डेंग्यूच्या एडिसमध्ये १५३४ व्या जागी फिनाइलअॅलनीनऐवजी सिस्टीन. या बदलांना केडीआर म्हणतात. बदललेलं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलं तर डास बहुधा मरतो, दोघांकडून आलं तर तगतो. म्हणून बरीच वर्षं काही जाणवत नाही आणि मग एकदम ओरड सुरू होते. डीडीटीचा माराही याच दारावर. १९५३ पासून मलेरियासाठी देशभर तेच फवारलं गेलं, म्हणजे ही निवड, तगणाऱ्या डासांचीच पैदास वाढत जाणं, लिक्विड बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

डासाला तगायची दुसरी वाट औषध पचवण्याची. पी४५० विकरांची (औषध तोडणाऱ्या एन्झाइमांची) जनुकं जोरात चालली की औषध मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधीच तोडलं जातं. इथे ट्रान्सफ्लुथ्रिनला अर्धा गुण जास्त दिलाय : डेल्टामेथ्रिन या त्याच घराण्यातल्या औषधाच्या ज्या फिनॉक्सिबेन्झिल भागावर ही विकरं घाव घालतात, तो याच्यात नाहीच. केडीआरपुढे मात्र तेही पूर्ण सुटत नाही.

आता मशीन. वातीभोवतीचं कडं तापलं तरच वाफ निघते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कडं कोमट राहतं, दिवा मात्र लागलेलाच. असा अर्धवट डोस सगळ्यात वाईट, कारण त्यात एकच बदललेलं जनुक असलेला डासही वाचतो आणि पुढची पिढी घालतो.

सगळ्यात जास्त गुण कूलरने खाल्ले. कूलर चालायचा तर खिडकी किंवा दार उघडं लागतं; हवेबरोबर वाफही बाहेर. तिथे लिक्विड लावूच नका, मच्छरदाणी बांधा. शिवाय एडिस वाढतो तो कूलरच्याच टाकीत. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत, काथ्याने घासावी लागतात. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तिथे ड्रम रिकामा होईपर्यंत अंड्याचा डास झालेला असतो. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याचसाठी. हौदात गप्पी मासे सोडा; त्यांच्या तोंडातून सुटायला जनुक कामी येत नाही.

डास रोधी झालाय का, हे पक्कं ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची नळी-चाचणी आहे : २० ते २५ माद्या एका नळीत, औषध लावलेल्या कागदावर एक तास, मग २४ तासांनी मोजणी. ९० टक्क्यांहून कमी मेल्या तर रोध पक्का. घरी एवढं तरी करा : मशीनखाली पडलेला डास काचेच्या ग्लासाखाली झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पडलेला प्रत्येक डास मेलेला नसतो.

रिफिल घेताना सीआयआर (कीटकनाशकांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आणि मुदत बघून घ्या. ज्या डासांच्या अगरबत्तीवर असा क्रमांकच नाही, ती स्वस्त असली तरी घरात नको.